बेचाळीसनंतर एक्केचाळीस

ती शुक्रवारची सकाळ डोळ्यांपुढे आली की आजही माझी पाठ आपोआप ताठ होते. घड्याळात साडेनऊ झाले होते, बारा वाजता एका मुलीला अटक व्हायची होती, आणि माझ्या हातात एक कागद होता. त्यावरची एकच ओळ पुन्हा पुन्हा छापलेली होती.

बाळांनो, तुम्ही दोघं इतक्या लांब राहता आणि फोनवर दर वेळी विचारता, "आजी, तू खरंच चोर पकडायचीस?" म्हणून हा एक तपास क्रमाने लिहून ठेवते आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही. ती माणसं आपापल्या संसारात असतील, त्यांना उगाच त्रास नको.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात मी सहायक पोलीस निरीक्षक होते. मार्केटमधल्या ट्रकवरच्या ताडपत्र्यांची चोरी, बंद फ्लॅटची घरफोडी, सोसायटीतली गाडी लावण्यावरून झालेली मारामारी हे आमचं रोजचं काम. माझं शिक्षण पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेलं आणि पदवी इंग्रजी विषयाची. त्यामुळे ठाण्यात इंग्रजी कागद आला की ठाणे अंमलदार तो उघडूनही न बघता माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. इंजिनिअरच्या भांडणाचा असो की दूतावासाचा, "इंग्रजी आहे ना? मग मॅडमचं."

त्या गुरुवारी असाच एक गठ्ठा आला. दोन्ही बाजूंना भोकं असलेला, एकाला एक जोडलेला लांबलचक कॉम्प्युटरचा कागद. सोबत फिर्यादी होते, सीबीडी बेलापूरमधल्या एका कंपनीचे मालक. परदेशी जहाजांना खलाशी आणि अधिकारी पुरवायचं काम त्यांची कंपनी करायची. आमचे वरिष्ठ निरीक्षक, त्यांना आम्ही नुसतं 'साहेब' म्हणायचो, त्यांच्या केबिनमध्ये मालक तावातावाने बोलत होते.

"साहेब, शनिवार दुपार ते सोमवार सकाळ, माझ्या कंपनीला एक ई-मेल आला नाही. एक! परदेशी मालकाने नव्या जहाजासाठी पूर्ण क्रू मागवला होता. ते पत्र आम्हाला मिळालंच नाही, आणि मुंबईतल्या दुसऱ्या कंपनीने त्याला उत्तरसुद्धा दिलं! आमचं टपाल कुणीतरी तिकडे वळवलं."

"कुणीतरी म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"आमची कॉम्प्युटर ऑपरेटर. घणसोलीची आहे. मशीन तीच सांभाळते. आणि तिचं लग्न कुणाशी ठरलंय माहितीये? त्याच दुसऱ्या कंपनीतल्या क्लार्कशी! रविवारी साखरपुडा आहे. आता बोला."

मालकांच्या शेजारी त्यांचे सिस्टीम मॅनेजर बसले होते. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, हा आमच्या सर्व्हरचा लॉग. म्हणजे मशीन स्वतःबद्दल जे जे लिहून ठेवतं ते. तुम्हीच बघा, पानापानावर चुका आहेत. 'लेम सर्व्हर, लेम सर्व्हर.' तिनं मशीनची वाट लावलीये."

साहेबांना वरून फोन आलेला होता हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. गुन्हा दाखल झाला. कुठल्या कायद्याखाली, यावर दोन तास गेले, कारण असल्या गुन्ह्याचा कायदा तेव्हा झालेलाच नव्हता. शेवटी तार अधिनियमाचं जुनं पुस्तक झटकून बाहेर काढलं. साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"बाई संशयित आहे, म्हणून तुमच्याकडे तपास देतोय. उद्या दुपारी बाराला ताब्यात घ्या आणि कोर्टात हजर करा. त्याआधी काही वेगळं निघालं तर सांगा. पण निघायला पाहिजे, नुसतं वाटायला नको."

माझ्या मदतीला एक हवालदार होते. साताऱ्याकडचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी गठ्ठ्यात बोट घातलं.

"मॅडम, लेम म्हणजे लंगडा ना?"

"हो."

"मग ह्यो लंगडा कोन त्येवढा बघू या की. त्या हापिसात लंगडत चालनारा एखादा शिपाई घावतोय का बघून येतो."

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर माझीही अवस्था फार वेगळी नव्हती. प्रत्येक शब्द मला येत होता आणि एकाही ओळीचा अर्थ लागत नव्हता. इंग्रजी येतं म्हणून हा कागद मला दिला होता, आणि तो इंग्रजीत लिहिलेलाच नव्हता. एवढं मात्र लक्षात आलं की प्रत्येक ओळीला वेळ होती. तारीख, तास, मिनिट, सेकंद. मग मशीनचं नाव, मग मजकूर. ही आमच्या स्टेशन डायरीचीच पद्धत. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, कुठला फोन आला, सगळं वेळेनुसार लिहायचं आणि मध्ये जागा सोडायची नाही.

म्हणून डायरी तपासतात तशी ती तपासली. पहिली नोंद सोमवारी सकाळी आठ वाजून पंचावन्न मिनिटांची. त्याआधी काहीच नाही. शनिवार नाही, रविवार नाही. मालक म्हणत होते गुन्हा शनिवारी झाला, आणि त्यांनी आणलेली डायरी सोमवारी सुरू होत होती.

"आधीची पानं?" मी मॅनेजरांना फोन करून विचारलं.

"मशीन जुना लॉग टाकून देतं, मॅडम. ऑटोमॅटिक."

"सोमवारी तुम्ही मशीनवर काही केलंत?"

"छे. मी हातही लावला नाही. ते तिचं काम."

मी ते जबाबात लिहून घेतलं. दुपारी त्यांची सहीही घेतली. लोकांना वाटतं पोलीस कबुलीच्या मागे असतात. तसं नाही. आम्हाला 'मी केलं नाही' हे सुद्धा सहीनिशी हवं असतं.

बाईचा जबाब ठाण्यात बोलावून घ्यायचा नसतो, तिच्या घरी जाऊन घ्यायचा. म्हणून गुरुवारी दुपारी जीप घणसोली गावात शिरली. सोबत हवालदार, एक महिला शिपाई आणि दोन पंच. गल्ली इतकी अरुंद की जीपचा आरसा घरांच्या ओट्यांना घासत होता. सगळं गाव दारात आलं. मुलगी चोवीस-पंचवीसची. सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा तिच्या वडिलांची शेती गेली, पुढे तेही गेले. ही शिकली, संध्याकाळी कॉम्प्युटरचे वर्ग केले, आणि त्या गल्लीतली मशीनवर काम करणारी पहिली मुलगी झाली. मंगळवारपासून मालकांनी तिला घरी बसवलं होतं.

झडती सुरू झाली तशी तिची आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय शोधताव? माज्या घरान काय हाय? तांदूल हाय, सुकी मासली हाय. घेऊन जा!"

"आये, तू गप र," मुलगी म्हणाली.

"का गप रऊ? रविवारी साकरपुडा हाय पोरीचा, आन दारान पोलीसची गारी! सोयऱ्यांचा निरोप बी आयला, 'आता पुढं बगू' म्हनतान."

मुलीने मान खाली घातली. चोरी पकडली जाईल म्हणून नव्हे, गल्ली ऐकते आहे म्हणून. बारा वर्षांच्या नोकरीत या दोन मानांतला फरक मला कळू लागला होता. पण साहेबांनी सांगितलं होतं, नुसतं वाटायला नको.

मी गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. "हे वाचता येतं?"

तिने पहिल्या पानावर नजर टाकली आणि तिचा चेहराच बदलला. आपलं काम दिसल्यावर माणूस दुःख विसरतो तसं झालं.

"मॅडम, कुणाला आमच्या कंपनीला पत्र पाठवायचं असलं ना, तर त्याचं मशीन आधी विचारतं, ह्या कंपनीचं टपाल कुठल्या नंबरच्या मशीनवर टाकू? त्याचं उत्तर द्यायला आमचं एक मशीन आहे. डीएनएस सर्व्हर. पत्त्यांची वही समजा. ही त्याची डायरी."

"आणि हे लेम सर्व्हर?"

"ते आमच्याबद्दल नाहीच आहे. आपण दुसऱ्या कुणाचा पत्ता शोधायला जातो, आणि ज्याच्याकडे तो असायला पाहिजे तोच म्हणतो, मला माहीत नाही. तर आपलं मशीन लिहून ठेवतं, 'हा बिनकामाचा निघाला.' जगभरात अशी ढीगभर आहेत. रोज येतात ह्या ओळी."

"रोज येतात हे कशावरून?"

ती काही सांगणार, इतक्यात महिला शिपायाने आतून हाक मारली. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली तोच भोकांचा कागद अंथरलेला होता. आई पुन्हा उसळली.

"काय हाय त्या कागदान? ऑफिसान फेकतान तो! डबं ठेवाला आनलान पोरीनं."

आम्ही हळदीचा, मसाल्याचा, तांदळाचा डबा एकेक करून उतरवला आणि कागद काढले. पोह्यांच्या डब्याखाली दिवाळीच्या आधीचा लॉग निघाला. तेलाच्या किटलीखाली त्याहून जुना. सगळ्यांवर पानभर लेम सर्व्हर. म्हणजे मॅनेजर ज्याला पुरावा म्हणत होते तो रोजचा कचरा होता. पंचांनी तेलाच्या डागांसकट कागदांवर सह्या केल्या. हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, आता त्या म्यानेजरला हे ठाऊक नसंल व्हय?"

हाच प्रश्न माझ्याही मनात होता. ठाऊक असेल, तर त्यांनी मला वेगळं का सांगितलं?

मग मी तिला विचारलं, की पत्ता बदलायचा असेल तर काय करतात? ती म्हणाली, वहीत नवा पत्ता लिहायचा आणि वर एक अनुक्रमांक असतो तो एकाने वाढवायचा. कारण वहीची एक नक्कल दुसऱ्या मशीनवर असते. ते मशीन इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत, वाशीला. विचारणारे कधी ह्याला विचारतात, कधी त्याला; एक बंद पडलं तर दुसऱ्याकडून उत्तर मिळावं म्हणून. दर तीन तासांनी ते आमच्या मशीनला क्रमांक विचारतं. मोठा असला तर नवी नक्कल उतरवून घेतं.

"तू शेवटचा क्रमांक काय दिला होतास?"

"एक्केचाळीस. गेल्या महिन्यात. त्यानंतर मी वहीला हात नाही लावला, मॅडम. खरंच."

एवढंच. तिने रडून दाखवलं नाही, शपथा घेतल्या नाहीत. परत निघताना गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर माणूस उभा होता आणि आमच्या जीपकडे नाही, त्या घराकडे बघत होता.

शुक्रवारी सकाळी आठला ठाण्यात फोन वाजला. पलीकडे एक वयस्क बाई दबक्या आवाजात बोलत होत्या. मागून रिक्षांचे आवाज, म्हणजे बाहेरच्या बूथवरून.

"मी त्याच ऑफिसातली आहे. फोन घेते तिथे. नाव सांगणार नाही."

"नका सांगू. काय झालं?"

"अहो, टपाल अजूनही हरवतंय! लोक फोन करून भांडतायत माझ्याशी. एकाचं पत्र येतं, एकाचं नाही. आणि पोरगी तर मंगळवारपासून घरी बसलीये ना? मग आता कोण हरवतंय? मालकांना सांगितलं तर मॅनेजर म्हणतात, तीच काहीतरी बसवून गेली असेल."

फोन ठेवला आणि मी उभीच राहिले. अर्धं टपाल येतं, अर्धं नाही. दोन वह्या आहेत. विचारणारा कधी एकीला विचारणार, कधी दुसरीला. एका वहीत बरोबर पत्ता असेल आणि दुसरीत चुकीचा, तर असंच होईल ना?

"हवालदार, जीप काढा. वाशी!"

"चा तरी घ्या मॅडम."

"वाशीला!"

इंटरनेट कंपनीची थंडगार खोली, आत एकच इंजिनिअर. माटुंग्याचे तमीळ गृहस्थ, मराठी उत्तम. पोलीस बघून ते आधी घाबरले, मग मी लॉग मागितल्यावर चकित झाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याकडे लॉग मागत होतं. प्रिंटर कर्कश आवाज करत कागद ओकू लागला. मी उभ्याउभ्याच वाचत होते. लेम सर्व्हर, लेम सर्व्हर, ते सोडून द्यायचं. आणि मग ती ओळ. तीन तासांनी पुन्हा तीच. पुन्हा तीन तासांनी.

त्या ओळीत आमच्या फिर्यादी कंपनीचं नाव होतं. मजकूर असा, की मुख्य मशीनकडून आलेला अनुक्रमांक एक्केचाळीस, आणि आमच्याकडचा बेचाळीस. दोघांच्या मध्ये शाळेतल्या गणितातलं लहान-मोठ्याचं चिन्ह. त्यांचा लहान, आमचा मोठा.

"हे काय आहे?"

"हे ना? हे चालतंच, मॅडम," इंजिनिअर म्हणाले. "लोक पत्ता बदलतात आणि नंबर वाढवायला विसरतात. मग आमचं मशीन कुरकुर करतं. चार दिवस करतंय. आम्ही लक्ष देत नाही."

"विसरले असते तर दोन्ही नंबर सारखे असते. हा लहान झालाय."

 चष्मा सारखा करून त्यांनी ओळ पुन्हा वाचली. "अरे! खरंच की!"

मला काय आठवलं सांगते. ठाण्यात प्रथम खबर नोंदवली की तिची एक प्रत तातडीने दंडाधिकाऱ्यांकडे जाते. ती एकदा गेली की परत मागता येत नाही. नंतर ठाण्यातल्या प्रतीत कुणी खाडाखोड केली, तरी कोर्टातली प्रत मूळ मजकूर घेऊन तशीच बसलेली असते. माझ्या समोर तेच घडलं होतं. कुणीतरी शनिवारी बेलापूरच्या वहीत चुकीचा पत्ता घातला आणि क्रमांक बेचाळीस केला. वाशीच्या मशीनने इमानदारीने नक्कल घेतली. सोमवारी त्या माणसाने आपल्याकडची जुनी वही, एक्केचाळीसची, परत जागेवर ठेवली, डायरी पुसली आणि हात झटकले. घर झाडून काढलं, पण बाहेर गेलेली प्रत विसरला.

"बेचाळीस नंबरची वही अजून तुमच्याकडे आहे?"

इंजिनिअरनी कळफलकावर बोटं चालवली. पडद्यावर वही उघडली. टपालाच्या जागी एक अनोळखी आकडा होता. तो कुणाच्या मशीनचा हे त्यांनी दोन मिनिटांत शोधलं. मुंबईतल्या त्या दुसऱ्या कंपनीचा.

मी जवळजवळ ओरडलेच, "छापा! सगळं छापा! वेळेसकट!"

बेचाळीसची नक्कल वाशीत आली शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. कुरकुर सुरू झाली सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. हवालदारांना मी वाशीहूनच जीप घेऊन बेलापूरला पाठवलं होतं, ते तोवर कंपनीच्या इमारतीच्या वॉचमनकडे पोचले होते, किल्ल्यांच्या वहीसाठी. त्यांचा फोन आला तेव्हा आवाज विशीतल्या पोरासारखा झाला होता.

"मॅडम! शनवारी पोरीनं सव्वाला किल्ली दिली आन गेली. मग म्यानेजरनं घेतली, साडेपाचला परत दिली. सोमवारी बी त्यानंच उघडलं, साडेआटला. पोरगी आली पावनेधाला!"

"आणि तिच्या घरी फोन आहे का?"

"न्हाई मॅडम. वान्याच्या दुकानात जाती. घरून मशीन चालवील ती काय वाऱ्यावर?"

अकरा वाजून पाच मिनिटांनी मॅनेजर ठाण्यात आले. मदत करायची म्हणून मीच बोलावलं होतं. साहेबही येऊन भिंतीशी बसले. मी वाशीच्या लॉगची दोन पानं टेबलावर ठेवली. कशाखाली रेघ मारली नव्हती. ती ओळ त्या दोन पानांत चार वेळा होती.

"साहेबांना कळेल असं एकेक ओळ समजावून सांगा. मला फार येत नाही यातलं."

ते खुलले. जाणकार माणसाला शिकवायला लावलं की तो सावधपणा विसरतो. बोट फिरवत ते सुंदर समजावत होते. हा लेम सर्व्हर, ही कुणाची तरी चौकशी, हे मशीन चालू झाल्याची नोंद. मग बोट त्या ओळीवर आलं आणि सरळ पुढच्या ओळीवर गेलं. खाली पुन्हा ती आली, पुन्हा बोट उडी मारून पुढे. चारही वेळा. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब खुर्चीत पुढे सरकले होते.

"ही राहिली," मी म्हटलं.

"ती? ती रूटीन असते."

"काय म्हणते ती?"

त्यांनी पान जवळ ओढलं. मग त्यांची नजर ओळीच्या सुरुवातीला गेली, जिथे मशीनचं नाव असतं. ते त्यांच्या मशीनचं नाव नव्हतं.

"हा... हा प्रिंट कुठला आहे?"

"वाशीचा."

माणूस कबूल करतो ती वेळ डोळ्यांना दिसते. खांदे आधी खाली येतात, शब्द नंतर. त्यांना दुसऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर घ्यायचं ठरलं होतं, आणि येताना काहीतरी घेऊन यावं अशी त्या लोकांची अपेक्षा होती. ऑपरेटरचं लग्न तिथल्या मुलाशी ठरल्याचं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. संशय ठेवायला जागा आयती मिळाली.

घड्याळात बाराला दहा मिनिटं कमी होती. साहेबांनी अटकेचा कागद माझ्याकडे सरकवला. नाव लिहायची जागा त्यांनी कोरी ठेवली होती. सकाळपासून कोरीच होती, हे मला नंतर कळलं.

आता खरा शेवट. टपाल अजून अर्धं हरवतच होतं आणि ते दुरुस्त करणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. दुपारी मुलीला बोलावलं. आईही आली, सोडायला तयारच नव्हती. मी पंचनाम्यासाठी तिथेच बसले होते. मला वाटलं, बेलापूरची वही तर बरोबरच आहे, आता काय करायचं असेल? तर तिने वही उघडली, पत्ता तसाच ठेवला आणि फक्त वरचा एक्केचाळीस खोडून त्रेचाळीस केला.

"त्रेचाळीस का?"

"बरोबर असून भागत नाही, मॅडम. चुकीचं जे बाहेर गेलंय त्याच्यापेक्षा नंबर मोठा पाहिजे. नाहीतर पलीकडचे तेच चुकीचं धरून बसतात."

मालक दारात उभे होते. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला! झालं जसं होतं तसं. उद्यापासून ये गं कामावर."

मुलीने वही बंद केली. आईने माझ्याकडे पाहिलं. आणि मला त्या क्षणी जे कळलं ते कुठल्याही प्रशिक्षण केंद्रात शिकवलेलं नव्हतं. 'जसं होतं तसं' म्हणजे पुन्हा एक्केचाळीसच. गल्लीने आमची जीप पाहिली होती, सोयऱ्यांनी निरोप पाठवला होता, ऑफिसातल्या तीस माणसांनी तिला रिकाम्या हाताने बाहेर जाताना पाहिलं होतं. ते सगळे आपापली बेचाळीसची प्रत घेऊन बसले होते.

मी मालकांना म्हटलं, "ऑफिसातली सगळी माणसं इथे बोलवा. आणि तिला सांगितलंत ते त्यांच्यासमोर सांगा. काय चुकलं तेसुद्धा."

ते तणतणले. मग बोलावलं. मग बोलले. फोनवरच्या त्या वयस्क बाई मागे उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मी त्यांना ओळख दाखवली नाही.

शनिवारी सकाळी दहाला मी तीच जीप, तेच हवालदार आणि तेच पंच घेऊन घणसोलीत गेले. साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "असा नियम नाही," आणि फाईल मिटता मिटता, "नाही असाही नियम नाही." जीप गल्लीत मुद्दाम मधोमध उभी केली. लोक जमल्यावर मी वर्दीत उभी राहून मोठ्याने सांगितलं, की या मुलीने काहीही केलेलं नाही, खरा माणूस सापडला आहे, आणि तो हिच्यामुळेच सापडला आहे.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि विचारलं, "मंग परवा कशाला आयलात?"

 हवालदार माझ्याकडे बघायला लागले. वर्दीत असताना असं वाक्य मी कधी उच्चारलं नव्हतं.

"आमची चूक झाली," मी म्हटलं.

"आं? मोटं बोल, मना आयकू येत नाय."

"आमची चूक झाली, आजी!"

म्हातारीने मान हलवली, "हां. हे बरं," आणि पोरीच्या आईला हाक मारली, "आगो, चाय टाक त्यांना!"

साखरपुडा त्या रविवारी झाला नाही. सोयरे शनिवारी संध्याकाळीच धावत आले, पण मुलीनेच पुढे ढकलला. "मी चार दिवस थांबले ना? मग त्यांना चार आठवडे थांबू द्या," असं तिने सांगितल्याचं मला आईनेच नंतर हसत सांगितलं. लग्न झालं, मी गेले होते. नोकरीवर मात्र ती परत गेली नाही. वाशीच्या त्या इंजिनिअरनी तिला आपल्याकडे घेतलं. पहिल्याच दिवशी लॉग वाचायचं काम दिलं म्हणे.

या तपासाने मला दोन गोष्टी शिकवल्या. ते मशीन चार दिवस, तीसएक वेळा, अगदी खरी तक्रार करत होतं आणि रोजचीच कुरकुर म्हणून कुणी वाचत नव्हतं. त्यानंतर ठाण्यात रोज येणारा तक्रारदार आला की मी त्याचा अर्ज निदान शेवटपर्यंत वाचू लागले. बहुतेक अर्जांत काही नसायचं. एक-दोनदा फार मोठं काही निघालं.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी. कुणावर चुकून आळ घेतलात, आणि आयुष्यात कधीतरी घ्यालच, तर मनातल्या मनात तो मागे घेऊन थांबू नका. ज्या ज्या दारात तो पोचला असेल तिथे स्वतः जा, आणि पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगा. एखाद्या म्हातारीला ऐकू आलं नाही, तर पुन्हा सांगा.